घरातील एलईडी दिवे व विजेची सुरक्षित जोडणी

(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख व पाठाची रूपरेखा)

१. प्रास्ताविक

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक घरांतून तारेचा पिवळा गोळा आता दिसेनासा झाला आहे. त्याची जागा एलईडी दिव्याने घेतली. केंद्र शासनाची ‘उजाला’ योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि त्यानंतरच्या काळात हा दिवा स्वस्त होऊन खेड्यापाड्यांतील घरांत पोहोचला. हा बदल सर्वथा इष्ट आहे. ६० वॅटचा गोळा रोज ५ तास जाळल्यास ३० दिवसांत ९ युनिट वीज खर्च होते. साधारण तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात १.३५ युनिट वीज घेतो. हे उदाहरण विद्यार्थ्यांकडून फळ्यावर सोडवून घ्यावे. बचतीचा पाठ त्यातूनच पुरा होतो.

तथापि या दिव्याबरोबर एक गैरसमजही घरोघर पोहोचला आहे. दिव्याला वीज थोडी लागते, म्हणून त्याची वायर कशीही जोडली तरी चालते. तो बारीक आहे, म्हणून बाधत नाही. असे मुलांना वाटते, आणि पुष्कळदा त्यांच्या पालकांनाही वाटते. विज्ञान-प्रदर्शनाचे दिवस आले म्हणजे मुले निकामी दिवे उघडतात, आतील चकती थेट प्लगला जोडून पाहतात. गणपतीच्या मखरात, दिवाळीच्या कंदिलात, नाताळच्या ताऱ्यात हाताला येईल ती वायर पिळून जोडली जाते. दिवा लहान झाला आहे, परंतु त्याच्या मागे उभी असलेली वीज पूर्वी होती तेवढीच आहे. ही एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी मीरा-भाईंदरचा परिसर घेतला आहे. १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात एका बाजूस उंच इमारती आहेत, तर दुसऱ्या बाजूस राई, मुर्धा, मोर्वा ही जुनी गावे आणि उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही किनाऱ्याकडील वस्ती आहे. समुद्राची खारी हवा, मिठागरे, कोकणचा पाऊस आणि वर्षाच्या उत्तरार्धात एकामागून एक येणारे दीपोत्सव, हे सर्व येथे एकत्र येते. म्हणून वीजजोडणीतील चांगले-वाईट येथे लवकर उघड होते. शहापूर-मुरबाडकडील शिक्षकांनी खाऱ्या हवेच्या जागी आपल्याकडील पावसाळी ओल धरून पाठ द्यावा. तत्त्व तेच आहे.

२. दिव्याची ओळख

तारेच्या गोळ्यात टंगस्टनची तार तापून पांढरीशुभ्र होते व उजेड देते. म्हणजे उष्णता हे तेथे प्रकाशाचे साधन असते. एलईडीमध्ये तसे नाही. अर्धवाहक पदार्थाच्या लहानशा कणातून प्रवाह एका ठराविक दिशेने गेला की त्या कणातून थेट प्रकाश बाहेर पडतो. डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा असा दिवा १९६२ साली तयार झाला. निळ्या प्रकाशाचा तेजस्वी दिवा मात्र त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी साधला. निळ्या प्रकाशावर पिवळसर लेप चढविल्याने पांढरा उजेड मिळू लागला आणि घरातील दिव्याचा मार्ग मोकळा झाला. या कार्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

शिक्षकांनी येथे तीन गोष्टी स्पष्ट कराव्यात. पहिली : पांढऱ्या एलईडीच्या एका कणाला सुमारे ३ व्होल्ट, तर तांबड्याला सुमारे २ व्होल्ट विद्युतदाब पुरतो. दुसरी : प्रवाह एकाच दिशेने चालतो, उलट जोडल्यास दिवा लागत नाही. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची : दाब थोडा जरी वाढला तरी प्रवाह फार वाढतो व कण जळून जातो. म्हणून या दिव्याला लगाम लागतो. लहान प्रयोगात हा लगाम म्हणजे एक रोधक असतो. घरातील दिव्यात तेच काम ‘ड्रायव्हर’ नावाचे मंडल करते. ते घरच्या प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर करते व प्रवाह ठरलेल्या मापात ठेवते.

३. लहान दिवा, मोठी वीज

मीरा-भाईंदरला खाजगी कंपनीची वीज मिळते, जिल्ह्याच्या इतर बहुतेक भागांत महावितरणची. वीज कोणाचीही असो, घरात येणारा दाब २३० व्होल्टच असतो. ९ वॅटचा दिवा त्यातून किती प्रवाह घेतो, हे गणिताने काढता येते :

९ ÷ २३० = ०.०३९ ॲम्पिअर, म्हणजे सुमारे ३९ मिलिॲम्पिअर.

आकडा लहान दिसतो. परंतु माणसाच्या जीविताच्या रक्षणासाठी घरात जो आरसीसीबी बसवितात, तो ३० मिलिॲम्पिअर प्रवाह जमिनीकडे गळू लागताच वीज तोडण्यासाठी केलेला असतो. म्हणजे एक साधा दिवा जेवढा प्रवाह घेतो तेवढाही प्रवाह माणसाच्या छातीतून जाणे धोक्याचे आहे.

शिवाय दिवा थोडा प्रवाह घेतो याचा अर्थ वायर तेवढाच प्रवाह देऊ शकते, असा नाही. किती प्रवाह वाहील हे मार्गात असलेल्या रोधावर ठरते. ओल्या हातापायांनी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध सुमारे १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० ला १००० ने भागले की ०.२३ ॲम्पिअर, म्हणजे २३० मिलिॲम्पिअर येतात. दिवा ९ वॅटचा असो की ९० वॅटचा, उघड्या तारेला हात लागला तर हाच हिशेब लागू होतो.

यावरून निकामी दिवा उघडण्याचा धोका लक्षात येईल. स्वस्त दिव्यांच्या ड्रायव्हरमध्ये घरची वीज व दिव्याचे कण यांच्यामध्ये पुष्कळदा कोणतीही विलगता नसते. बाहेरून अर्धगोल टोपी असल्यामुळे आपण सुरक्षित असतो. टोपी काढून दिवा होल्डरमध्ये लावला तर आतील चकतीवरचा प्रत्येक डाग, प्रत्येक टाका जिवंत असतो. वीज बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युतभार राहू शकतो. म्हणून नियम असा सांगावा : घरच्या विजेवर चालणारा दिवा विद्यार्थ्याने उघडू नये; ज्याला उघडून पाहायची हौस असेल त्याने बॅटरीवरची विजेरी उघडावी.

४. बंद केलेला दिवा का मिणमिणतो?

वर्गात हा प्रश्न हमखास येतो. “गुरुजी, आमच्या घरचा दिवा बटण बंद केले तरी रात्री मंद जळतो. आजी म्हणते, दिवा खराब आहे. तो का जळतो?” या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शिक्षकास ठाऊक असावे, कारण त्यात कधी कधी संपूर्ण घराचा धोका दडलेला असतो.

घरात येणाऱ्या दोन वायरींपैकी फेज ही जिवंत असते व न्यूट्रल ही परतीची. बटण नेहमी फेजवर असावे, म्हणजे ते बंद करताच होल्डरपर्यंत जाणारी वीज तुटते. जोडणाऱ्याने चुकीने बटण न्यूट्रलवर बसविले तरी दिवा लागतो व विझतो. दिसायला काहीच फरक पडत नाही. परंतु बटण बंद असतानाही फेज होल्डरच्या पितळी टोकापर्यंत आलेली असते. कोणी स्टुलावर चढून “बटण तर बंद आहे” असे म्हणत दिवा बदलू लागला, तर त्याच्या बोटांशी २३० व्होल्ट असतात.

तारेचा गोळा या चुकीची वाच्यता करीत नसे, कारण तार तापविण्यास भरपूर प्रवाह लागतो. एलईडीला मात्र मिलिॲम्पिअरच्या लहानशा अंशानेही अंधारात दिसेल इतका उजेड देता येतो. वायरी व भिंती यांतून जो सूक्ष्म प्रवाह वाट काढतो, तेवढा त्याला पुरतो. जुन्या घरात वर्षानुवर्षे दडून राहिलेली चूक नवा दिवा अशा रीतीने दाखवून देतो.

मिणमिणण्याची प्रत्येक खूण धोक्याचीच असते असे मात्र नाही. बटण बंद केल्यावर काही क्षण उजेड रेंगाळून विझत असेल, तर तो कपॅसिटरमधील उरलेला भार होय. बटणातच लहान तांबडा दिवा असेल, तर त्याच्यातून जाणारा किंचित प्रवाह एलईडीला मिणमिणत ठेवतो. लांबवर एकमेकींस चिकटून नेलेल्या वायरींमुळेही असे घडते. पण बटणात तांबडा दिवा नसेल आणि एलईडी रात्रभर मिणमिणत असेल, तर परवानाधारक तारतंत्र्याला बोलावून बटण फेजवर आहे की नाही हे तपासून घ्यावे. विद्यार्थ्यांना “घरी जाऊन टेस्टर लावून पाहा” असे कदापि सांगू नये. “रात्री दिवे मालवल्यावर कोणता दिवा मिणमिणतो ते पाहा व वडीलधाऱ्यांना सांगा” एवढेच सांगावे. पाहणे मुलांचे, दुरुस्ती जाणत्याची.

५. बारा व्होल्टची पट्टी

अलीकडे मखरात, देव्हाऱ्यात व माळ्याच्या कडेने चिकटविण्याच्या दिव्यांच्या पट्ट्या वापरतात. त्यांतील पुष्कळशा १२ व्होल्टच्या असतात. तीन पांढरे कण एकसर जोडले की सुमारे ९ व्होल्ट होतात. उरलेले ३ व्होल्ट त्याच ओळीतील रोधकावर पडतात. म्हणून अशी पट्टी तीन-तीन दिव्यांच्या अंतरावर छापलेल्या खुणेवरच कापता येते. एकसर व समांतर जोडणी शिकविण्यास याहून चांगले साधन नाही : तीन दिवे आपसांत एकसर, आणि अशा अनेक ओळी समांतर.

समजा, मुर्धा येथील एका घरी मखरासाठी ५ मीटर पट्टी आणली. तिच्यावर दर मीटरला ४.८ वॅट असे लिहिले आहे. एकूण शक्ती २४ वॅट झाली. १२ व्होल्टवर तिला २४ ÷ १२ = २ ॲम्पिअर प्रवाह लागेल. ॲडॅप्टर नेमका २ ॲम्पिअरचा घेतल्यास तो सतत पूर्ण भाराखाली तापत राहील, म्हणून ३ ॲम्पिअरचा घ्यावा. येथे एक सूत्र पाठ करून घ्यावे : व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत; ॲम्पिअर थोडे अधिक असावेत. १२ व्होल्टच्या पट्टीला २४ व्होल्टचा ॲडॅप्टर लावल्यास ती जळते. उलट बारीक वायरीवर विनाकारण फार मोठा ॲडॅप्टरही लावू नये, कारण वायरीत दोष झाल्यास तो तिला लाल होईपर्यंत प्रवाह देऊ शकतो.

आता वायरीचा विचार. ॲडॅप्टर १० मीटर दूर ठेवून ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने वीज नेली, तर जाण्या-येण्याची लांबी २० मीटर होते. तिचा रोध सुमारे ०.७ ओहम असतो. २ ॲम्पिअर प्रवाहास त्यात १.४ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे पट्टीपर्यंत १०.६ व्होल्टच पोहोचतात व ती निस्तेज दिसते. हीच वायर १.५ चौरस मिलिमीटरची घेतल्यास खर्च अर्ध्या व्होल्टहून कमी होतो. उजेड कमी पडला म्हणजे लोक मोठा ॲडॅप्टर आणतात. वास्तविक वायर जाड करावी किंवा ॲडॅप्टर जवळ आणावा.

१२ व्होल्टचा सामान्यतः धक्का बसत नाही. पण त्यामुळे तो भाग सर्वस्वी निर्धोक ठरत नाही. तीच शक्ती कमी दाबावर न्यायची तर प्रवाह जवळजवळ वीसपट होतो, आणि सैल पिळलेल्या जोडावर प्रवाह म्हणजे उष्णता. २३० व्होल्टच्या बाजूस धक्क्याचे भय, १२ व्होल्टच्या बाजूस आगीचे भय, असा भेद विद्यार्थ्यांना समजावून द्यावा.

दोन इशारे येथे आवश्यक आहेत. जाळीदार पत्र्याच्या पेटीतील ॲडॅप्टरला एका बाजूस उघडे स्क्रू असतात. त्यांपैकी काहींवर थेट २३० व्होल्ट येतात. अशी पेटी हवा खेळेल अशा बंद डब्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी, तिचा अर्थिंगचा स्क्रू अवश्य जोडावा, आणि मखराच्या कापडाखाली, कागदाखाली वा कापसाखाली ती कधीही झाकू नये. दुसरे असे की, १२ व्होल्टच्या पट्टीसारखीच दिसणारी, जाड प्लॅस्टिकमध्ये मढविलेली पट्टी थेट २३० व्होल्टवर चालणारी असते. तिच्या कापलेल्या टोकावर पूर्ण दाब असतो. ते टोक तिच्याबरोबर मिळणाऱ्या टोपीने बंद केल्यावाचून ती लावू नये.

६. माळा, कंदील व तारे

बाजारातील स्वस्त माळेत अनेक एलईडी एकसर जोडून थेट प्लगला लावलेले असतात. एकेका दिव्यावर फक्त दोन-तीन व्होल्ट पडतात हे खरे. परंतु माळ तुटली किंवा एखादा दिवा ओढून निघाला, तर त्या उघड्या टोकावर जमिनीच्या मानाने जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट असू शकतात. म्हणून माळ दुरुस्त करताना, किंबहुना तिला हात लावतानाही, आधी प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

सणाच्या वेळी पाळावयाचे नियम असे :

(अ) माळ घेताना भारतीय मानक ब्युरोची खूण व मानक क्रमांक पाहावा. वायर नखाने सोलून निघेल इतकी पातळ असल्यास ती घेऊ नये.

(आ) लोखंडी गज, पत्रा, गॅलरीचे कठडे यांना वायर बांधू नये; बांधणे भाग पडल्यास मध्ये प्लॅस्टिकची नळी घालावी. वायरीवर खिळा ठोकू नये.

(इ) एका प्लगवर एक पाटी, पाटीवर दुसरी पाटी अशी रांग लावू नये. वायरीची टोके काडीने प्लगच्या भोकात खुपसणे ही सवय ताबडतोब मोडावी.

(ई) घराबाहेरील दिव्यावर ‘आयपी ६५’ किंवा त्याहून वरचे चिन्ह असावे. यातील पहिला अंक धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दाखवितो. ‘आयपी २०’ चा दिवा घराच्या आतच वापरावा.

(उ) आकाशकंदील किंवा नाताळचा तारा उंच चढविण्यासाठी लोखंडी नळी वापरू नये, आणि वरून विजेची लाइन जात असेल तर त्या बाजूस काठी उभारूच नये.

(ऊ) समई व निरांजनाची ज्योत आणि विजेची वायर यांत हातभर अंतर ठेवावे. रात्री झोपताना माळांचे प्लग काढावेत.

७. खारी हवा व पाऊस

भाईंदरची मिठागरे प्रसिद्ध आहेत. जी हवा व ऊन मीठ पिकविण्यास उपकारक, तीच हवा विजेच्या जोडास अपकारक ठरते. समुद्रावरून येणाऱ्या ओल्या हवेत क्षार असतात. ते होल्डरच्या पितळेवर, प्लगच्या पिनांवर, वायरीच्या उघड्या टोकांवर बसतात. तांब्यावर हिरवट थर चढतो, लोखंडी स्क्रू गंजतो, जोड सैल होतो. सैल जोडाचा रोध वाढतो. रोध वाढला की तेथे उष्णता निर्माण होते. दिवा लुकलुकू लागणे, होल्डरमधून चिरचिर आवाज येणे, प्लगच्या कडा तपकिरी होणे ही या क्रमाची लक्षणे आहेत. उत्तन-पालीसारख्या किनाऱ्यावरील घरांत पावसाळ्याच्या आधी व नंतर ही लक्षणे शोधावीत.

मीठ विजेशी दोन प्रकारे वागते, हे अर्थिंगच्या उदाहरणाने उत्तम समजते. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालण्याची जुनी रीत आहे. मिठामुळे ओल्या जमिनीची वहनक्षमता वाढते, पण तेच मीठ गाडलेली लोखंडी नळी हळूहळू खाऊन टाकते. म्हणून “आमच्याकडे अर्थिंग आहे” एवढ्यावर समाधान मानू नये. ते मोजून तपासले केव्हा, हेही विचारावे.

८. मुख्य फलकावरील पहारेकरी

एमसीबी वायरीचे रक्षण करतो. वायरीला झेपणार नाही इतका प्रवाह वाहू लागला की तो पडतो. दिव्यांच्या १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीवर ६ किंवा १० ॲम्पिअरचा एमसीबी असावा. तो वारंवार पडतो म्हणून मोठा बसविणे म्हणजे पहारेकरी झोपविणे होय. ज्या घरांत अजून जुना फ्यूज आहे तेथे जाड तार बांधणे याच दोषात मोडते.

आरसीसीबी माणसाचे रक्षण करतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, हे तो सतत ताडून पाहतो. मध्येच काही प्रवाह माणसाच्या शरीरातून जमिनीत गेला की दोहोंत तफावत पडते व तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरील तपासणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र त्याची मर्यादाही सांगावी : एका हाताने फेज व दुसऱ्याने न्यूट्रल धरल्यास तफावत पडत नाही, आणि आरसीसीबीला काही कळत नाही. म्हणून साधन असले तरी सावधपणा सुटू नये.

९. पाठाची रूपरेखा

उद्देश : एलईडी दिव्यास लगाम का लागतो हे समजणे, खारे पाणी विजेचे वाहक आहे हे प्रयोगाने पाहणे, घरातील धोक्याच्या खुणा ओळखणे.

साहित्य : विजेरीचे चार सेल (एकूण ६ व्होल्ट), एक तांबडा एलईडी, २२० ओहमचा रोधक, वायरीचे तुकडे, दोन खिळे, काचेचा पेला, पिण्याचे पाणी, मीठ. घरच्या विजेचा कोणताही प्रयोग वर्गात करू नये.

प्रयोग पहिला : सेल, रोधक व एलईडी एकसर जोडावेत. दिवा लागतो. एलईडी उलटा करावा. दिवा लागत नाही. प्रवाहाचे गणित फळ्यावर मांडावे : (६ − २) ÷ २२० = ०.०१८ ॲम्पिअर, म्हणजे १८ मिलिॲम्पिअर. रोधक काढल्यास काय होईल हे विचारावे. काढून दाखवू नये.

प्रयोग दुसरा : मंडल एका जागी तोडून दोन्ही टोकांना खिळे जोडावेत व ते पाण्यात दोन बोटांच्या अंतरावर धरावेत. दिवा अगदी मंद लागतो किंवा लागत नाही. आता चमचाभर मीठ घालून ढवळावे. दिवा स्पष्ट उजळतो. प्रयोग दोन-तीन मिनिटांत आटोपावा. मग प्रश्न विचारावेत :

प्रश्न : घामाने भिजलेल्या हातात पाणी असते. त्यात आणखी काय असते? (अपेक्षित उत्तर : मीठ.)

प्रश्न : मग कोरड्या हातापेक्षा असा हात अधिक धोक्याचा का?

प्रश्न : मासळी धुऊन आलेल्या आईने ओल्या हाताने बटण लावावे काय?

या दुसऱ्या प्रयोगातून होणारा बोध पुष्कळ तोंडी उपदेशाहून अधिक टिकतो, असा अनुभव येईल.

फलकलेखन : “दिवा ३ व्होल्टचा, वीज २३० व्होल्टची. बटण फेजवर. व्होल्ट तंतोतंत, ॲम्पिअर थोडे अधिक. हात लावण्यापूर्वी प्लग काढा.”

गृहकार्य : विद्यार्थ्याने घरातील दिव्यांची यादी करावी व प्रत्येकापुढे वॅट लिहावेत. लुकलुकणारा, मिणमिणणारा, काळवंडलेला असा कोणता भाग दुरून दिसला ते नोंदवावे. कोठेही हात लावू नये. यादीखाली पालकांची सही आणावी. ही सही शिस्तीसाठी नव्हे; यादी पालकांच्या नजरेखालून जावी, एवढाच तिचा हेतू आहे.

१०. धक्का बसल्यास

विजेला चिकटलेल्या माणसास हाताने ओढू नये, ओढणाराही चिकटतो. प्रथम मुख्य बटण बंद करावे. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूने त्यास वायरीपासून दूर करावे. रस्त्यावर लाइनची तार तुटून पडली असल्यास मात्र तिच्या जवळपासही फिरकू नये. वीज कंपनीस कळवावे. माणूस सुटल्यावर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असेल तर शिकलेल्या व्यक्तीने छातीच्या मध्यभागी जोराने व जलद दाब देणे सुरू करावे व मदत येईपर्यंत थांबू नये. माणूस उठून बसला व “बरे वाटते” म्हणाला, तरी त्यास डॉक्टरांना दाखवावे.

११. समारोप

पूर्वी घरात रॉकेलची चिमणी होती, तेव्हा ज्योतीपासून पदर सांभाळण्यास मुलींना शिकवावे लागत नसे. आग डोळ्यांना दिसत होती. वीज दिसत नाही, आणि एलईडीच्या शीतल उजेडात तर तिचे भय मुळीच जाणवत नाही. जे दिसत नाही ते दाखविणे हेच शिक्षकाचे काम आहे. गणेशोत्सवापूर्वी एक तास या पाठास द्यावा, गृहकार्याच्या याद्या पाहाव्यात, आणि ज्या घरचा दिवा बंद असूनही मिणमिणतो त्या घरच्या पालकांस शाळेत बोलावून त्याचा अर्थ समजावून सांगावा. एवढे झाले तरी पाठ सफल झाला असे मानावयास हरकत नाही.